दूरच्या दोन शहरांमधील हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ कसा काढावा

दोन शहरांमधील अंतर दोन्ही दिशांनी सारखेच असते. उड्डाणाचा वेळ मात्र जाताना वेगळा आणि येताना वेगळा निघतो. त्यामुळे आधी अंतर नक्की करावे आणि मगच वेळेकडे वळावे.

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजू नये. माद्रिद आणि बीजिंग ही दोन्ही शहरे साधारण ४० अंश उत्तर अक्षवृत्तावर आहेत आणि त्या अक्षवृत्तावरून सरळ पूर्वेकडे गेल्यास अंतर सुमारे १०,२०० किलोमीटर भरते. पृथ्वीगोलावर मात्र या दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो उत्तरेकडे सरकून ६० अंशांच्या जवळ पोहोचतो आणि अंतर सुमारे ९,२०० किलोमीटरच राहते. हा सर्वांत जवळचा मार्ग बृहत् वृत्ताचा, म्हणजे पृथ्वीगोलाचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळाचा, भाग असतो.

आकडेमोडीसाठी दोन्ही शहरांचे अक्षांश-रेखांश घ्यावेत. दक्षिण अक्षांश आणि पश्चिम रेखांश ऋण धरावेत. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करावा, त्यात दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा आणि रेखांशांतील फरकाच्या कोसाइनचा गुणाकार मिळवावा, आणि येणाऱ्या संख्येचा व्यस्त कोसाइन काढून त्या अंशांना १११.२ ने (एका अंशाचे किलोमीटर) गुणावे. लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यासाठी हा कोन सुमारे ५०.१ अंश, म्हणजे अंतर सुमारे ५,५७० किलोमीटर येते. (एक्सेलमध्ये कोन रेडियनमध्ये द्यावे लागतात, उत्तर विचित्र आले तर आधी हेच तपासावे.) उत्तर २०,००० किलोमीटरच्या बरेच पुढे गेले तर गणित नक्कीच चुकले आहे, कारण पृथ्वीचा अर्धा परीघच तेवढा आहे.

मोठ्या जेट विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास धरला, तर लंडन-न्यूयॉर्क अंतर सहा तास दहा मिनिटांत कापले जाईल. त्यात धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे आणि उतरणे यांसाठी अर्धा ते पाऊण तास मिळवावा. खरा फरक पाडतो तो वारा. मध्य अक्षांशांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारी जेट स्ट्रीम पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला पुढे ढकलते आणि पश्चिमेकडे जाणाऱ्याला अडवते. म्हणूनच लंडनहून न्यूयॉर्कला सुमारे आठ तास लागतात, तर परतीला सुमारे सात. विमाने नेहमी बृहत् वृत्तावरूनच जातात असेही नाही. २०२२ मध्ये युरोपीय कंपन्यांना रशियाचे आकाश बंद झाल्यावर हेलसिंकी ते टोकियो हा सुमारे साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांच्या घरात गेला, आणि हे कोणत्याही सूत्रातून कळले नसते.

म्हणून शेवटी वेळापत्रकाशी ताळा करावा. त्यातील सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या त्या शहराची स्थानिक असल्याने दोन्ही आधी जागतिक प्रमाणवेळेत बदलून मगच वजाबाकी करावी. हिवाळ्यात टोकियोहून संध्याकाळी ५ वाजता निघालेले विमान लॉस एंजेलिसला त्याच तारखेच्या सकाळी १० वाजता उतरते, असे वेळापत्रकात दिसेल. जागतिक प्रमाणवेळेनुसार ते ८ वाजता निघून १८ वाजता पोहोचलेले असते, म्हणजे उड्डाण दहा तासांचे. उन्हाळी वेळ (उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करण्याची पद्धत) लागू असलेल्या देशांबाबत प्रवासाच्या तारखेचाच फरक धरावा: लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यात एरवी पाच तासांचा फरक असतो, पण घड्याळे बदलण्याचे दिवस दोन्हीकडे वेगळे असल्याने मार्च महिन्यात काही आठवडे तो चार तासांवर येतो.