ऑफिससाठी वेलबीइंग ॲप बनवताय? आधी डॅशबोर्ड कोण बघणार ते ठरवा

माझ्या जुन्या कंपनीत एक ॲप आलेलं, सकाळी लॉगिन केलं की पाच चेहरे यायचे, आज मूड कसाय ते दाबा. पहिला आठवडा लोकांनी खरंखरं दाबलं. मग एकाने लागोपाठ तीन दिवस रडका चेहरा दाबला तर मॅनेजरने सगळ्यांसमोर विचारलं, "काय रे, घरी भांडण झालं का?" दुसऱ्या दिवसापासून अख्खा फ्लोर हसरा!

म्हणून रंग, आयकॉन, लोगो सगळं नंतर. आधी कागदावर लिहून काढा, कुठली माहिती कोणाला दिसणार. एकट्याचं उत्तर कोणालाच दिसता कामा नये, फक्त टीमचा आकडा, आणि तोही निदान दहा जणांनी भरलं असेल तरच. नाव काढलं म्हणजे झालं असं नसतं, नाईट शिफ्टला एकच मुलगी असेल तर "शिफ्ट: नाईट" एवढ्यावरनं कळतं की कोण ते. अजून एक गंमत, काल दहा जणांची सरासरी दाखवली आणि आज अकराव्याने भरल्यावर परत दाखवली तर साधी वजाबाकी करून त्याचं उत्तर निघतं, त्यामुळे आकडा लाईव्ह नकोच, महिना संपल्यावर एकदाच दाखवा. गूगल फॉर्मवर करत असाल तर ईमेल गोळा करायचं सेटिंग बंद आहे ना ते स्वतः बघा.

प्रश्न घरी बनवत बसू नका. डब्ल्यूएचओ-५ म्हणून जागतिक आरोग्य संघटनेची पाचच वाक्यांची यादी आहे, गेल्या दोन आठवड्यांत मन कसं होतं याबद्दल, प्रत्येक वाक्याला ० ते ५ मार्क, बेरीज गुणिले ४ केली की १०० पैकी आकडा येतो. ५० किंवा खाली आला तर लक्ष द्यायला हवं, पण ते काही आजाराचं निदान नाही, तसं स्क्रीनवर स्पष्ट लिहा.

मदतीचं बटण लॉगिनच्या आधीच ठेवा. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात. बटण दाबलं की थेट डायलर उघडू दे आणि कोणी दाबलं याची नोंद प्लीज कुठेही ठेवू नका.

शेवटची स्क्रीन बहुतेक जण विसरतात, "तुम्ही सांगितलं, आम्ही काय केलं" ही. आम्ही आत्ता बनवलंय त्यात तिथे पहिली ओळ होती, रात्रीची कॅब अडीचऐवजी सव्वादोनला सुटेल. पुढच्या महिन्यात फॉर्म भरा म्हणून मागे लागावं लागलं नाही.