उष्णतेतून स्पिन करंट काढायचा, आणि तो खरंच स्पिनचाच आहे का ते तपासायचं

2008 मध्ये जपानमध्ये उचिदा, साइतोह वगैरे मंडळींनी स्पिन सीबेक इफेक्ट दाखवला, म्हणजे तापमानाच्या फरकातून स्पिनचा (इलेक्ट्रॉनच्या अंगभूत चुंबकीय गुणाचा) प्रवाह, तो परमॅलॉयमध्ये, म्हणजे लोखंड-निकेलच्या मिश्रधातूत. तुम्ही मात्र सुरुवातीलाच धातूच्या नादी लागू नका, सरळ यिट्रियम आयर्न गार्नेट घ्या, सगळे त्याला यिगच म्हणतात. हा चुंबक आहे पण इन्सुलेटर, त्यामुळे एक बाजू गरम एक थंड केली की इलेक्ट्रॉन काही पळत नाहीत, स्पिनच्या लाटा म्हणजे मॅग्नॉन गरमकडून थंडकडे जातात आणि स्पिन घेऊन जातात.

आता हा करंट मीटरला थेट दिसणार नाही. म्हणून वर प्लॅटिनमचा थर द्यायचा, तिथे स्पिनच्या प्रवाहाचं रूपांतर व्होल्टेजमध्ये होतं. 5 ते 10 नॅनोमीटर बास, कारण प्लॅटिनममध्ये स्पिन काही नॅनोमीटरमध्येच विरतो आणि त्यावरचा जाड थर उगाच सिग्नल शॉर्ट करत बसतो. थर टाकण्याआधी यिगचा पृष्ठभाग नीट साफ करा, अगदी नीट, कारण मध्ये घाण राहिली तर स्पिन पलीकडे जातच नाही आणि मग बाकी सेटअप कितीही भारी असो, हाती काही लागत नाही.

वर-खाली पेल्टिअर (विजेवर गरम-थंड होणारी चकती) लावून जाडीच्या दिशेने तापमानाचा फरक ठेवा, चुंबकीय क्षेत्र थराच्या प्रतलात, आणि प्लॅटिनमवर व्होल्टेज मोजायच्या दोन वायरी क्षेत्राला काटकोनात. तापमान स्थिर होऊ द्या, घाई नको. सिग्नल मायक्रोव्होल्टमध्ये येतो, साधा मल्टिमीटर चालणार नाही, नॅनोव्होल्टमीटर हवा.

व्होल्टेज दिसलं म्हणून लगेच खूश होऊ नका. क्षेत्र उलटं करा, चिन्ह उलटलं पाहिजे, दोन रीडिंगमधल्या फरकाचा अर्धा भाग तुमचा, बाकीचं वायरींच्या जोडांचं साधं सीबेक, म्हणजे तापमानाच्या फरकाने धातूत येणारं नेहमीचं व्होल्टेज. क्षेत्र वायरींच्या दिशेने फिरवलं की सिग्नल शून्याकडे जायला हवा. प्लॅटिनमऐवजी टंगस्टन टाकलं तर चिन्ह उलटं येतं, ही तपासणी मला सगळ्यात आवडते. तरी एक शंका उरतेच, यिगला चिकटून प्लॅटिनम स्वतःच थोडं चुंबकीय होऊ शकतं आणि मग अॅनोमलस नर्न्स्टचं व्होल्टेजही (चुंबकीय धातूत तापमानाच्या फरकाने आडवं येणारं) क्षेत्राबरोबर उलटतं. म्हणून यिग आणि प्लॅटिनमच्या मध्ये तांब्याचा पातळ थर घाला. तांबं स्पिन जाऊ देतं पण चुंबकीय होत नाही, सिग्नल थोडा कमी होईल पण टिकला तर तो स्पिनचाच.

आणि हो, पेल्टिअरवरचं तापमान म्हणजे सॅम्पलचं तापमान नव्हे, बराचसा फरक दोन्हींमधल्या उष्णतावाहक ग्रीसमध्येच पडतो, त्यामुळे दोन लॅबचे आकडे जुळत नाहीत. शक्य असेल तर हीट फ्लक्स, म्हणजे सॅम्पलमधून जाणारा उष्णतेचा प्रवाह, मोजा आणि सिग्नलला त्यानेच भागा.