नऊ घरं, तीन चिंचोके

भाचीच्या वहीतलं उदाहरण होतं: ३×३ च्या चौकटीत तीन सोंगट्या कशाही ठेवल्या, तर कुठल्याही दोन सोंगट्या एकाच आडव्या किंवा उभ्या ओळीत नसण्याची संभाव्यता किती? मी छेद घेतला ९×८×७ = ५०४, अनुकूल मांडण्या ६. उत्तर १/८४. मागे छापलेलं उत्तर १/१४. दोन संध्याकाळी यातच गेल्या.

शेवटी कागदावर चौकट आखली, तीन चिंचोक्यांवर पेनाने १, २, ३ लिहिलं आणि कर्णावर ठेवून अदलाबदल करत गेले. घरं तीच, मांडण्या सहा! छेदात मी क्रम धरला होता, अंशात सोडला होता.

क्रम धरायचा तर दोन्हीकडे. पहिल्या चिंचोक्याला ९ घरं. तो ठेवला की त्याच्या ओळींतली आणखी चार बाद, म्हणून दुसऱ्याला ४, तिसऱ्याला एकच. ३६/५०४ = १/१४. क्रम सोडला तर ८४ पैकी ६, तेच उत्तर. मला पहिली रीत आवडते, बाद होणारी घरं बोटाने दाखवता येतात.

मग भाचीनेच बुद्धिबळाच्या पटावर एकमेकांना न मारणारे आठ हत्ती मोजले: ४,४२,६१,६५,३६८ पैकी ४०,३२०.