पावसाळ्यात तब्येत सांभाळायची तर: काढा, रानभाज्या आणि मनगटावरचा तो पॉइंट

जून लागला की व्हॉट्सअ‍ॅपवर काढ्यांचा पूर येतो. कोणी सात वस्तू सांगतं, कोणी एकवीस, कोणी अर्धा कप सांगतं तर कोणी दिवसातून चार वेळा, आणि घरातला एक तरी माणूस ते सगळं एका पातेल्यात उकळून सगळ्यांना नाक दाबून पाजतो. मला घरगुती उपाय आवडतात, रोजच्या वापरात आहेत, पण माझं म्हणणं एवढंच की प्रत्येक गोष्टीचं काम ठरलेलं असतं आणि मापही ठरलेलं असतं. जेवणाचं काम काढ्याने होत नाही, काढ्याचं काम अ‍ॅक्युप्रेशरने होत नाही आणि डेंगीचं काम तर यातल्या कशानेच होत नाही. तर पावसाचे चार महिने मी काय करते आणि काय करत नाही ते सांगते.

सुरुवात जेवणापासून, कारण निम्मी कामं तिथेच होतात. आयुर्वेदाच्या ऋतुचर्येत वर्षा ऋतूत अग्नी मंद असतो असं सांगितलंय. तो भाग बाजूला ठेवला तरी पावसात भूक कमी लागते, पोट जड राहतं, गॅस होतो हे सगळ्यांनाच माहितीये. म्हणून रात्रीचं जेवण हलकं आणि लवकर, मुगाच्या डाळीची खिचडी, ज्वारीची भाकरी, जुना तांदूळ, वर साजूक तूप, लसणाची फोडणी. दही रात्री नकोच, दुपारी ताक चालतं पण पातळ करून त्यात जिरेपूड, हिंग, चिमूटभर सुंठ घालून. पाणी उकळून गार केलेलं. गाड्यावरची पाणीपुरी या दिवसांत बंद, निदान ज्याच्याकडे पाणी कुठून येतं ते माहीत नाही त्याच्याकडची तरी (हे सांगताना मलाच वाईट वाटतंय). भजी खा, कोण नाही म्हणतंय, पण गरम तेलातली, ताजी आणि रोज नाही.

आणि खरी मजा रानभाज्यांची. टाकळा, फोडशी, कुर्डू, करटोली, भारंगी, शेवळं, हे सगळं ठाणे-पालघर-रायगडकडच्या बाजारात जूनपासून यायला लागतं, आदिवासी बायका पाटीत घेऊन बसलेल्या असतात. घेताना त्यांनाच विचारायचं कशी करायची म्हणून, त्या अगदी नीट सांगतात. ओळख नसलेला पाला किंवा अळंबी स्वतः रानातून तोडून आणायची हौस मात्र करू नका, नेटवर फोटो बघून भाजी ओळखणं हा प्रकार माझ्या मते वेडेपणा आहे.

शेवळं हे एक उदाहरण जरा नीट सांगते कारण बरेच जण एकदा घसा खाजवून घेतात आणि परत नाव काढत नाहीत. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, तेच जिभेला आणि घशाला टोचतात. म्हणून आधी हाताला तेल लावायचं, वरची पाती उलगडून आतला दांडा बाहेर काढायचा, त्यातला पिवळा भाग काढून टाकायचा, बाकीचं बारीक चिरायचं आणि त्यात काकडं घालायची. काकडं म्हणजे ती छोटी हिरवी आंबट फळं, शेवळंवाली बाई सोबतच देते, ठेचून त्यांचा रस किंवा उकडून गर वापरतात. काकडं नसतील तर शेवळं घेऊच नका. आणि शिजवायची भरपूर, अर्धीकच्ची अजिबात नाही. सोडे किंवा कोलंबी घातली की काय लागतात म्हणून सांगू, शाकाहारींनी चणाडाळ किंवा वाल घालावेत. अळूच्या फतफत्यात चिंच घालतात त्यामागेही हीच खाजेची भानगड आहे. फोडशी सोपी, मधला कडक दांडा काढून टाकायचा, मिठाच्या पाण्यात दोन-तीन वेळा धुवायची कारण पावसात पाल्याला माती आणि किडे दोन्ही असतात, मग कांदा आणि भिजवलेली मूगडाळ घालून परतायची.

श्रावणातल्या उपासांबद्दल एकच सांगते, साबुदाणा म्हणजे जवळपास सगळा स्टार्च आहे. सोमवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी, प्रत्येक वेळी खिचडी आणि वर बटाट्याचे वेफर्स, आणि मग अ‍ॅसिडिटी झाली म्हणून तक्रार. त्यापेक्षा भगर आणि दाण्याची आमटी करा, राजगिऱ्याची भाकरी करा, एखादं फळ घ्या. ज्यांचं हिमोग्लोबिन कमी आहे त्यांनी जेवणाला लागून चहा घेऊ नये, चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही, तास-दीड तास जाऊ द्यावा, आणि पालेभाजीवर लिंबू पिळावं, त्याने उलट मदत होते. गोळ्या महाग घेण्याआधी एवढं करून बघायला काय हरकत आहे.

आता काढा. माझा साधाच असतो. दोन माणसांसाठी दोन कप पाणी, गवती चहाची दोन-तीन पाती (हाताने मुरगळून, म्हणजे वास सुटतो), बोटाच्या एका पेराएवढं आलं ठेचून, तुळशीची पाच-सहा पानं, दोन मिरे जाडसर कुटलेले. मंद आचेवर उकळत ठेवायचं आणि पाणी साधारण निम्मं झालं की गॅस बंद, झाकण ठेवून पाच मिनिटं तसंच. गूळ घालायचा तर शेवटी. मध घालायचा असेल तर काढा कोमट झाल्यावर, आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचाही नाही, आजी कितीही म्हणाल्या तरी नाही, कारण मधातून बॉट्युलिझमचा, म्हणजे जंतूंच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराचा, धोका असतो. हा अर्धा अर्धा कप, सकाळी किंवा संध्याकाळी, सर्दी-पडसं-घसा असेल तेव्हा दोन-तीन दिवस. बस. बरं वाटलं की बंद करायचा. चार महिने रोज सकाळी अनशापोटी मिरे-सुंठ-दालचिनी-लवंग ढोसत राहिलं की पोटात आग पडते, तोंड येतं, आणि मग त्यावर दुसरा काढा शोधला जातो.

खोकल्यासाठी अडुळसा. कोरड्या खोकल्यापेक्षा कफ चिकटून बसलाय आणि सुटत नाहीये अशा वेळी. तुम्हाला डॉक्टर कफ पातळ करायला जे ब्रोमहेक्झिन देतात ना, ते अडुळशातल्या व्हॅसिसिन नावाच्या घटकावरूनच पुढे तयार झालेलं औषध आहे, म्हणजे आपल्या आज्यांचं काही चुकत नव्हतं. पण अडुळसा गरोदरपणात घ्यायचा नाही, गर्भाशयावर परिणाम होतो. ज्येष्ठमधाचा तुकडा चघळायला घशाला फार बरा, गाणाऱ्यांच्या खिशात असतोच, पण रोज भरपूर खाल्ला तर बीपी वाढतं आणि शरीरातलं पोटॅशियम कमी होतं. घरात बीपीची गोळी चालू असलेलं कोणी असेल तर त्यांच्या काढ्यात ज्येष्ठमध नको. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आलं-हळद जेवणात चालते, चमचा-चमचा चूर्ण किंवा कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

गुळवेलीबद्दल लोक चिडतात पण सांगतेच. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेल सुरू झाली, आणि २०२१ मध्ये मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही पेशंट्समध्ये लिव्हरला सूज आल्याचं छापून सांगितलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल असेल असंही म्हटलं गेलं, वाद झाला. माझ्यासारख्या साध्या माणसाने यातून काय घ्यायचं? तर वैद्यांनी बघून, ठरावीक दिवसांसाठी दिली तर घ्या, शेजारच्यांच्या कुंपणावरून तोडून महिनोन्महिने घेऊ नका, आणि थायरॉइड-संधिवाताचे काही प्रकार असतात तसे ऑटोइम्यून आजार (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते ते) किंवा लिव्हरचा त्रास असेल तर आधी विचारा. जाहिरातीतला ‘इम्युनिटी’ शब्द दिसला की मी पुढे वाचतच नाही.

आता तो मनगटावरचा अ‍ॅक्युप्रेशरचा पॉइंट. गणपतीला एसटीने कोकणात जाताना घाट लागला की ज्यांच्या पोटात ढवळतं त्यांनी हा शिकूनच घ्यावा. चिनी नाव नेग्वान, सगळीकडे पी-सिक्स म्हणतात. तळहात वर करा, मनगटावरची जी आडवी घडी आहे त्याच्याखाली कोपराच्या दिशेने दुसऱ्या हाताची तीन बोटं आडवी ठेवा, तर्जनी, मधलं आणि अनामिका. तिसऱ्या बोटाच्या कडेला, मधोमध, दोन शिरांसारख्या ताठ दोऱ्या हाताला लागतात (मूठ जरा आवळली की वर येतात), त्या दोन्हींच्या मध्ये. तिथे अंगठ्याने दाबायचं, दुखेल इतकं नाही पण जाणवेल इतकं, दोन-तीन मिनिटं, सावकाश श्वास घेत, मग दुसरा हात. घाट सुरू व्हायच्या आधीच सुरू करा, उलटी तोंडात आल्यावर कुठलाही पॉइंट काही करत नाही. मळमळीवर या पॉइंटचा बऱ्यापैकी अभ्यास झालाय, विशेषतः ऑपरेशननंतरच्या मळमळीवर, त्यामुळे हा मी बिनधास्त सांगते.

दुसरा पाय जड झाल्यावरचा. गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या कडेपासून चार बोटं खाली आणि नडगीच्या हाडापासून एक बोट बाहेरच्या बाजूला, दाबलं की एक बोथट ठणका लागतो तोच. परंपरेत तो पचनाचा पॉइंट मानतात, मला तो दिवसभर उभं राहून आल्यावर चोळायला आवडतो, पचनाचं माहीत नाही पण पाय मोकळे होतात. तिसरा अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसल उंचवट्यावरचा, डोकेदुखीसाठी दाबतात, पण गरोदर बायकांनी तो दाबायचा नाही असा जुना दंडक आहे आणि तो पाळावा. सूज, जखम, व्हेरिकोज व्हेन्स असतील त्या जागी काहीच दाबू नका.

अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया मात्र घरी नाहीत, कोणी कितीही स्वस्तात ऑनलाइन विकत असलं तरी नाहीत. कंबर, मान, गुडघ्याचं जुनं दुखणं किंवा मायग्रेन असेल आणि गोळ्या खाऊन कंटाळा आला असेल तर अ‍ॅक्युपंक्चर करून बघण्यासारखं आहे, बऱ्याच जणांना आराम पडतो. डायबेटिस बरा करतो, किडनी सुधारतो असं बोर्डावर लिहिलं असेल तर जिना चढू नका. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे, परिषद आहे, तेव्हा नोंदणी आहे का हे सरळ विचारायचं, त्यात लाजायचं काही नाही. सुई तुमच्यासमोर पाकिटातून फोडली पाहिजे आणि वापरून झाली की टाकून दिली पाहिजे. केसापेक्षा थोडी जाड असते, टोचताना मुंगी चावल्यासारखं, मग जडपणा, वीस-तीस मिनिटं पडून राहायचं. उपाशीपोटी जाऊ नका, चक्कर येते. छाती-पाठीच्या वरच्या भागात सुई खोल गेली तर फुप्फुसाला इजा होऊ शकते, फार क्वचित होतं पण होतं, म्हणून तर शिकलेला माणूस हवा. चार-सहा वेळा जाऊन काडीचाही फरक नसेल तर पुढचं पॅकेज घेऊ नका.

अ‍ॅक्युपंक्चर म्हटलं की आपल्याकडे लगेच सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचं नाव निघतं. ते १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी एक होते, पण ते होते सर्जन, जखमी सैनिकांची ऑपरेशनं करत राहिले आणि १९४२ मध्ये तिकडेच वारले. सुयांची विद्या भारतात आणली ती त्यांच्याच तुकडीतल्या डॉ. बसूंनी, पुढे चीनमध्ये शिकून येऊन १९५९ च्या सुमारास कोलकात्यात. त्याच पाचांमध्ये नागपूरचे डॉ. चोळकरही होते, त्यांचं नाव मात्र कोणी घेत नाही.

आता जिथे हे सगळं गुंडाळून ठेवायचं ते. ताप दोन दिवसांवर गेला, डोळ्यांच्या मागे दुखतंय, अंगावर पुरळ, हिरड्यांतून रक्त, पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, लघवी कमी, यातलं काहीही असलं तर काढा नाही, डॉक्टर आणि रक्ततपासणी. डेंगीची शंका असेल तर तापाला पॅरासिटामॉलच, अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन अजिबात नाही, रक्तस्राव वाढतो. तुंबलेल्या पाण्यातून चालत आला असाल, त्यात पायाला जखम असेल तर साबणाने पाय धुवा आणि ताप यायची वाट न बघता ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा, लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस, अशा पाण्यातून होणारा आजार) आधीच गोळी देतात आणि मुंबई महापालिका दर पावसाळ्यात हेच सांगत असते. पपईच्या पानांचा रस पिऊन प्लेटलेट्सची वाट बघत घरी बसू नका.

घट बसले, ऊन तापायला लागलं की हे सगळं उलटं फिरवायचं. शरदात पित्त उसळतं, तेव्हा सुंठ-मिरे डब्यात परत, काढा बंद. रात्री चमचाभर धने भिजत घालून सकाळी ते पाणी गाळून घ्या, आमसुलाचं सार करा, नाचणीची आंबील ताक घालून घ्या. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दूध न पचणाऱ्यांना तर हा सोन्यासारखा पर्याय. कोजागरीचं मसाला दूध आटवून प्या खुशाल, फक्त त्यावर लगेच बटाटेवडा नको.