बेळगावहून हिमालयात ट्रेकला: आधी दिवस मोजा, मग शिखर निवडा

यंदा हिमालयात जायचंच असं ठरलं की बहुतेक जण आधी मोबाइलवर बर्फाचे फोटो बघून ट्रेक निवडतात, मग रजा मागतात आणि सगळ्यात शेवटी तिकिटांकडे वळतात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या माणसाने हा क्रम उलटा करावा. आपल्याला हिमालयाचा पायथा गाठायलाच तीन दिवस लागतात. ते आधी वजा करा. उरलेल्या दिवसांत जो नीट बसेल, तोच आपला ट्रेक.

दिवसांचा हिशेब

पहिल्यांदा जाणाऱ्यांपैकी बरेच जण केदारकंठा किंवा हर की दून निवडतात. दोन्हींचा पायथा एकच, उत्तराखंडातलं सांकरी गाव. गोवा एक्स्प्रेस बेळगावात पकडली की दोन रात्री गाडीत काढून दिल्लीत हजरत निजामुद्दीनला उतरायचं, तिथून डेहराडून गाठायचं. डेहराडून ते सांकरी साधारण दोनशे किलोमीटर, पण सगळा घाटरस्ता. जीपला पूर्ण दिवस लागतो. म्हणजे पाच दिवसांच्या ट्रेकला बारा-तेरा दिवसांची रजा हवी, आणि त्यात एक दिवस मोकळा पाहिजेच. दरड कोसळून रस्ता बंद पडला की परतीच्या गाडीसाठी जीव टांगणीला लागतो. सांब्र्याहून किंवा गोव्याहून विमानाने दिल्ली गाठली तर तीन-चार दिवस वाचतात.

रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी खुलं होतं, पूर्वीसारखं १२० दिवस आधी नाही. दसऱ्याच्या सुट्टीत जायचं असेल तर तिकिटाची आठवण श्रावणातच ठेवायला हवी.

हंगाम

गणपती झाले की सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ मला सगळ्यात चांगला वाटतो: पाऊस सरलेला, आभाळ धुतलेलं, थंडी सोसवणारी. बर्फातूनच चालायचं असेल तर केदारकंठ्याला डिसेंबर ते एप्रिल. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तराखंडात दरडींचा धोका मोठा. फुलांची दरी मात्र नेमकी तेव्हाच बहरते, म्हणून तिकडे जाणाऱ्यांनी दोन दिवस जास्तीचे ठेवावेत. पावसाची सवय आहे म्हणून जांबोटी-कणकुंबीकडच्या लोकांनी फुशारकी मारू नये. हिमालयातल्या पावसात पायाखालचा डोंगरच सरकतो.

उंची: इथे घाई नको

कळसूबाई १,६४६ मीटर. सांकरी गाव १,९०० मीटरच्या वर. म्हणजे महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर जिथे संपतं, त्याच्याही वर आपला ट्रेक सुरू होतो. गडांवर पाय तयार होतात, दम वाढतो, पण विरळ हवेची सवय आपल्याकडे कुठेच लागत नाही. चार हजार मीटरवर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के असतो. रोज दहा किलोमीटर पळणाऱ्यालाही तिथे डोकेदुखी धरते आणि सावकाश चालणारे काका आरामात वर पोचतात.

म्हणून ट्रेक निवडताना शिखराची उंची नंतर बघा, आधी रोजच्या मुक्कामाची उंची कागदावर मांडा. तीन हजार मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा पाचशे मीटरहून जास्त चढू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांतीचा असावा, हा डॉक्टरांचा नियम. हर की दूनचा चढ बऱ्यापैकी सावकाश आहे. गावांतून जात जात आपण सुमारे साडेतीन हजार मीटरवर पोचतो. हम्प्ता पासला मनालीहून निघून दोन-तीन रात्रींत ३,९०० मीटरच्या आसपास मुक्काम पडतो, म्हणून पहिल्या खेपेला मी तो सुचवत नाही. लेहला विमानाने गेलात तर थेट ३,५०० मीटरवर उतरता. तिथे किमान दोन दिवस काही न करता काढायचे.

डोकं दुखणं, मळमळणं, जेवण नकोसं होणं, झोप न लागणं ही पहिली लक्षणं. ती लपवू नका, वाटाड्याला सांगा आणि बरं वाटेपर्यंत वर जाऊ नका. बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जाऊ लागला किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर रात्र असो की पाऊस, माणसाला खाली न्यायचं. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी मित्राने दिली म्हणून घेऊ नका. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांना ती चालेलच असं नाही, त्यामुळे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. रक्तदाब, दमा, मधुमेह असेल तर तपासणी दोन महिने आधीच करून घ्या.

सराव आणि बूट

तीन महिने पुरतात. आठवड्यातले चार दिवस बेळगावातल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात किंवा गावाबाहेरच्या रस्त्यावर भरभर चाला, हळूहळू पळा. रविवारी सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून देवरवाडीहून वैजनाथ आणि तिथून वर महिपाळगड करा. यळ्ळूरचा गड जवळ आहे, पण तिथे थेट वर गाडी जाते, तो मोह टाळा. चढापेक्षा उतार जास्त करा. हिमालयात गुडघे दुखतात ते उतरताना.

बूट याच सरावात पायाला बसवायचे. दुकानात जाताना जाड लोकरी मोजे घेऊन जा आणि ते घालूनच बूट बघा, तेही संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. नाडी घट्ट बांधून उतरत्या फळीवर उभे राहा. अंगठा पुढे टेकला तर अर्धा नंबर मोठा घ्या, नाहीतर लांब उतारावर नख काळं पडलंच म्हणून समजा.

सॅक

सुती बनियन आणि जीन्स घरीच ठेवा. घामाने भिजलेलं सूत लवकर वाळत नाही आणि अंग गार पडतं. आतून थर्मल, वर फ्लीस, त्यावर जाड जॅकेट, सगळ्यांवर पावसाचं कवच. जाड जॅकेट सांकरीत भाड्याने मिळतं, उगाच विकत घेऊ नका. बर्फावर काळा चष्मा हवाच. मोबाइल आणि पॉवर बँक रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्या, थंडीत बॅटरी लवकर उतरते. खाऊ म्हणून शेंगदाण्याची चिक्की उत्तम. कुंदा दिल्लीपर्यंत संपवून टाका.

संस्था, पैसे, फोन

नेणाऱ्या संस्थेला तीन प्रश्न लेखी विचारा: रोजचा मुक्काम किती उंचीवर, प्राणवायूचा सिलिंडर सोबत असतो का, आणि आजारी माणसाला खाली कोण नेतं. उत्तर टाळलं तर दुसरी संस्था बघा. जुन्या कार्यक्रमपत्रिकेवर विसंबू नका. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली आणि तेव्हापासून काही वाटा बदलल्या. विमा घेताना किती मीटर उंचीपर्यंत तो लागू आहे, ते बारीक अक्षरात वाचा.

रोख रक्कम डेहराडूनलाच काढा. लडाख किंवा काश्मीरकडे जाणार असाल तर आपलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड लागतं. सांकरीच्या पुढे फोनची आशा सोडा. घरी कागदावर वाटाड्याचा नंबर, गावांची नावं आणि कोणत्या तारखेला आपला फोन येईल ते लिहून ठेवा. आणि ती तारीख एक दिवस पुढचीच सांगा.