आर्केनम: पात्र घडवताना मार्ग कसा निवडावा

ट्रॉयका गेम्सच्या 2001 सालच्या आर्केनम या संगणकीय खेळात वाफेची इंजिने आणि मंत्रविद्या एकाच जगात नांदतात, पण एकमेकांना मारक ठरतात. म्हणून आपला मार्ग, मंत्राचा की यंत्राचा (तंत्राचा), सुरुवातीलाच पक्का करावा. दोन्हीकडे गुण वाटले, तर मंत्र दुबळे राहतात. नवख्याने मंत्रमार्ग धरून ‘हार्म’ हा शत्रूला इजा करणारा मंत्र आधी शिकावा. श्राउडेड हिल्स या सुरुवातीच्या गावाच्या पुलावर वाट अडवणाऱ्या गुंडांशी लढताना तो फार उपयोगी पडतो. तंत्रमार्गी खेळाडूने मात्र सोबती व्हर्जिलच्या उपचारमंत्रावर विसंबू नये, कारण पात्र यंत्रविद्येकडे जितके झुकते तितका तो मंत्र त्याच्यावर कमी चालतो. मलमपट्टीचे सामान जवळ बाळगावे. प्रबळ मांत्रिकाला आगगाडीत बसू देत नाहीत, हा या जगातला मला सर्वांत आवडणारा तपशील; त्याने प्रवासाचे दुसरे साधन आधीच योजावे.