वाड्यावरच्या पोरांचे 'दादा' व्हायचंय? या चुका टाळा

२६ जून उजाडला की गोव्यातल्या पंचायतींत अमली पदार्थांवर भाषणं होतात, सामोसे वाटले जातात, फोटो निघतात. ज्या पोरासाठी हा खटाटोप, ते तेव्हा बसस्टँडमागे उभं असतं. अशा पोराला नेमाने वेळ देणारा, त्याची सोबत करणारा मोठा माणूस, तो इथला 'दादा'.

सगळ्यांत महाग पडते ती चूक अर्ध्यावर सोडण्याची. चवथीला आलेला उत्साह शिगम्यापर्यंत जेमतेम टिकतो. मग दादाची शिफ्ट बदलते आणि फोन उचलणं बंद होतं. मीही एकदा असाच पळ काढलाय. तो पोरगा नंतर वर्षभर माझ्याकडे बघायचा नाही. मुलांना अशीच मोठ्यांची सोबत जुळवून देणाऱ्या अमेरिकेतल्या 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स' योजनेच्या अभ्यासातही हेच दिसलं. वर्षभर टिकलेल्या सोबतीचा मुलांना फायदा झाला, तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या सोबतीनंतर मुलांचा स्वतःवरचा विश्वास उलट घसरला. म्हणून आठवड्याला एकच तास द्या, पण वर्षभर द्या. थांबणं भागच असेल तर महिनाभर आधी सांगा आणि नव्या दादाकडे स्वतः घेऊन जा.

दुसरी चूक वरवर शहाणपणाची वाटते: 'वाया गेलेली' सगळी पोरं एकाच शिबिरात कोंबणं. मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ साली सुरू झालेल्या केंब्रिज-समरव्हिल प्रयोगात ५०६ मुलगे होते, त्यांतल्या निम्म्यांना समुपदेशक मिळाले. १९७८ साली निष्कर्ष छापून आले, तेव्हा मदत मिळालेल्यांचीच गत काही बाबतींत वाईट निघाली. उन्हाळी शिबिरांत पोरं एकमेकांना फुशारक्या ऐकवून बिघडली असावीत, असा नंतर अंदाज बांधला गेला. त्यापेक्षा भजनी मंडळात चार जाणत्यांमध्ये असा एकच पोरगा बसवा. जत्रेच्या नाटकात पडदा ओढायचं काम दिलं तरी चालेल. पडदा वेळेवर पडला नाही तर अख्खा गाव बोंबलतो, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

तुरुंग दाखवून घाबरवण्याचा तर विचारही नको. अमेरिकेत या प्रकाराने गुन्हे वाढल्याचंच दिसलंय.

पोरगा दोनदा आलाच नाही? आईकडे गाऱ्हाणं नेऊ नका, तो बसतो तिथे जा. समोरासमोर बसून बोलत नसेल तर हाताला काम द्या, चवथीला गणपतीवर टांगायची फळापानांची माटोळी बांधताना तोंड आपोआप उघडतं. मात्र मन जिंकायला स्कूटरची चावी देऊ नका. अल्पवयीन मुलगा पोलिसांना सापडला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पकडल्या गेलेल्या मुलाचं नाव नि फोटो गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरवणं हाही गुन्हाच. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय एकदा 'चोर' म्हणून फिरलेलं नाव गावात पुसलं जात नाही. परप्रांतातून आलेल्या कामगाराच्या पोराला 'घाटी' म्हणून हाक मारणारा दादा तर पहिल्या दिवशीच हरला.

आणि "कुणाला सांगणार नाही" असं वचन कधीच देऊ नका. लैंगिक अत्याचाराची गोष्ट कानावर आली तर मुलांवरच्या अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. भेटी उघड्यावर, चार माणसं दिसतील अशा जागी ठेवा, आणि १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर पहिल्याच भेटीत मुलाच्या फोनमध्ये टाकून द्या.